पाठीचं आदण

गुंडातात्याचं नाव माझ्यापुढं काढू नका. कडेगावच्या पाराव अजून चार म्हातारी बसत्यात आन् गुळाचा खडा चघळत म्हणत्यात, "तात्याच्या हातचा गूळ म्हंजे काय सांगावं गड्या! आता कुठं तसा हात?" मी तिथनं उठून जातो. हात म्हणं! त्या हातानं काय काय केलं ते ह्यास्नी म्हाईत न्हाई. मला म्हाईत हाय. आन् म्हाईत असून मी काय केलं, ते तर कुणालाच म्हाईत न्हाई. आज सांगतो. मधी कुणी बोलू नका, माझं डोस्कं लय लवकर फिरतं.

मी धुळा, जतंकडचा. बहात्तरच्या दुष्काळात आमची मेंढरं पाण्यावाचून गेली, तवा पोटासाठी मी कडेगावला आलो आन् कृष्णातदादाच्या गुऱ्हाळाव जाळव्या म्हणून लागलो. जाळव्याचं काम म्हंजे जल्माचं भाजणं. वर उसाच्या रसाची काहील, तिच्याखाली चुलवाण, चुलवाणाच्या तोंडाशी खड्डा. त्या खड्ड्यात बसायचं आन् वाळली चिपाडं आत सारत ऱ्हायचं. वर काहिलीत काय शिजतंय ते जाळव्याला दिसत न्हाई, त्यानं फकस्त ऐकायचं. वर गुळव्या उभा असतो. तो "वाढव" म्हणला की जाळ वाढवायचा. "वड" म्हणला की आकडीनं सगळा जाळ भायेर वडायचा, त्याच दमाला. चार श्वास उशीर झाला तरी पाक करपतो आन् आख्खं आदण, म्हंजे काहीलभर रस, मातीमोल व्हतो. म्हणून ह्या धंद्यात कायदा हाय, गुळव्याच्या हाकंबिगर जाळव्यानं काडी हलवायची न्हाई. कायदा चांगलाच हाय. मी पुढं त्याच्याच आडोशाला लपलो, म्हणून सांगून ठेवतो.

आमचा गुळव्या गुंडातात्या. उंचापुरा, झुपकेदार मिशा, आवाज असा की चरकाचा बैल बिचकावा. त्याच सुगीला त्यानं संगं एक पोरगा आणला. "माझ्या चुलतभैनीचा. जोतीराम. कोयनानगरकडं असत्यात. बाप न्हाई," एवढंच सांगितलं. सतरा वर्साचं कार्टं, अजून मिसरूड फुटलेलं न्हाई, केस भादरलेलं, डोक्याकानाला टॉवेल गुंडाळलेला. टॉवेलाचं कुणाला नवल न्हाई, वाफंपुढं आमी समदीच गुंडाळतो. बोलायचं कमी. काहिलीवरची मळी काढायला, रस निवळावा म्हणून भेंडीचं पाणी सोडायला त्याला उभा केला, आन् आठ दिसात पोरानं ते काम असं उचललं की जुनी माणसं गप बसली.

आमचं दोघांचं जमलं. दोघं बी परमुलखाची. कडेगावकर मला "कानडी आप्पा" म्हणायची, त्याला "कोयनंचं माकाड". जेवाय एकाच ताटात बसायचो. जोत्या माझ्या भाकरीव आमटी वाढायचा आन् मी हात आडवा धरून म्हणायचो, "साकु." कानडीत साकु म्हंजे बास. त्याला लय हसू यायचं. "साकु म्हंजे अजून वाढ का रं धुळादा?" म्हणून मुद्दाम वाढायचा. पुढं पुढं तो बी साकु म्हणाय लागला. घागर भरली, साकु. पाऊस झाला, साकु. मी त्याला माझ्या घरचं, बायकोचं, सगळं सांगायचो. नको नको ते बी सांगितलं. सख्खा भाऊ म्हणत व्हतो मी त्याला.

आता ऐका. पहिल्याच म्हैन्यात माझ्या कानाला एक गोष्ट लागली. तात्याची "वड" अशी हाक यायच्या जरा आधी वर काहिलीच्या काठाव लाकडाचा आवाज यायचा. टक, टक. दोनदाच. आन् लगोलग हाक. मला वाटलं, उलथण्याचा दांडा लागत असंल. पर दरवेळी? एक दिस जोत्या तापानं पडला. त्या दिशी टक टक न्हाई झालं, तात्यानं आपलाच अंदाज घेऊन हाक मारली, आन् गूळ असा मऊ पडला की ढेप उभी ऱ्हाईना. तवा माझ्या डोस्क्यात उजेड पडला. तात्याच्या दोन्ही डोळ्यास्नी मोतीबिंदू झालेला. त्याला काहिलीतला फेस दिसत नव्हता, पाकाचा रंग दिसत नव्हता. पाक आला का न्हाई ते जोत्या ठरवत व्हता. तात्या नुस्ता वरडत व्हता.

मी जोत्याला गाठून इचारलं. तो पहिल्यांदा दचकला, मंग हात जोडून म्हणला, "धुळादा, तुझ्या पाया पडतो, बोलू नगंस. मामानं मला पाठीचं आदण द्यायचं कबूल केलंय. तीन सुग्या कर म्हणल्यात."

पाठीचं आदण ही आमच्या टोळीची रीत. सुगीतलं शेवटचं आदण गुळव्या चेल्याला देतो आन् आपण काहिलीकडं पाठ करून बसतो. बोलायचं न्हाई, वळून बघायचं न्हाई. चेल्यानं एकट्यानं पाक उतरवायचा. मालक ढेप फोडणार. कणीदार निघाली की चेला त्या दिसापासनं गुळव्या, त्याची टोळी येगळी. न्हाई निघाली तर जल्मभर मळी काढ.

"मला गुळव्या व्हायचंय धुळादा," जोत्या म्हणला. "दुसरं काय बी नगं. आई लोकांच्यात धुणीभांडी करती. पर आईसाठीच म्हणतोय आसं बी न्हाई. पाक येतो ना, तवा त्याचा आवाज बदलतो, माझ्या अंगाव काटा येतो बघ." त्याचं डोळं असं चमकलं की मला हसू यायच्या जागी भरूनच आलं. मी म्हणलं, "तुझं दोन टक आलं की माझा हात आकडीव. तात्या वरडू दे न्हाईतर न वरडू दे." तो म्हणला, "आण घे." मी चुलवाणाची आण घेतली. सुगीच्या पहिल्या दिशी आमी चुलवाणाची पूजा करतो, नारळ फोडतो. त्याची खोटी आण गुऱ्हाळावचा माणूस घेत न्हाई. ध्यानात ठेवा, मी घेतली व्हती.

दोन सुग्या गेल्या. तात्याचं नाव पार तासगावापतूर गेलं. मंग पावसाळ्यात तात्या मिरजंला जाऊन डोळ्याचं आप्रेशन करून आला. तिसऱ्या सुगीला आला तो ह्यो जाड भिंगाचा चष्मा लावून. पहिलं म्हैना दोन म्हैनं चष्म्याव वाफ धरायची, तवर जोत्याचं दोन टक चालू व्हतं. नंतर तात्याला दिसाय लागलं. आन् दिसाय लागल्याव त्याला ह्ये बी दिसलं की कृष्णातदादा जोत्याच्या पाठीव हात ठेवून बोलतोय, "पुढल्या सालापास्नं आमचं गुऱ्हाळ तुलाच रं गड्या." तात्या मिशीत हसला. त्या हसण्याकडं मी नीट बघितलं असतं तर! पर आमी खड्ड्यातली माणसं.

शेवटचं आदण शिमग्याच्या आधी आठ दिस, दुपारचं. तात्यानं बाभळीखाली घोंगडं टाकलं आन् काहिलीकडं पाठ करून बसला. कृष्णातदादा आला, गावातली सा-सात माणसं आली. रस चढला. जोत्यानं पहिल्यांदा आपल्या तोंडानं मला हाक दिली, "धुळादा, वाढव." मला खड्ड्यात बसून शिट्टी मारावीशी वाटली. चिपाडं सारत ऱ्हायलो. मळी निघाली, रस पिवळा झाला म्हणून वरनं कुणीतरी बोललं. खळखळ व्हती ती हळूहळू जड झाली. मला बी आता त्यो आवाज कळत व्हता. आकडी हातात घेऊन मी तयार बसलो.

आन् तात्या उठला.

"थांबा! कृष्णातदादा, काहिलीला बाट लागलाय. बाईचा हात लागलाय!"

आमच्या गुऱ्हाळात बाई काहिलीजवळ यायची न्हाई. ऊस तोडाय बाई चालती, चिपाडं वाळवाय बाई चालती, पर काहिलीव तिची सावली पडली तर गूळ फुटतो म्हणायची. सगळी इकडं तिकडं बाई हुडकाय लागली. तात्या काहिलीपाशी येऊन उभा ऱ्हायला. "बाई ही काय! ह्यो जोत्या! काल कोयनंकडचा एक माणूस भेटला तवा मला कळलं. जोतीराम सदुसष्टच्या भूकंपात भिंतीखाली मेला. ही त्याची भैन, अंजना. मला बी फसवलं, तुमास्नी बी फसवलं. खोटं असंल तर तिनं चुलवाणाची आण घेऊन सांगावं, मी जोतीराम हाय म्हणून."

मी खड्ड्यात, मला तिचं त्वांड दिसत नव्हतं. मी वाट बघत व्हतो की आता जोत्या हसंल आन् आण घेईल. तिनं आण घेतली न्हाई.

तेवढ्यात मला ऐकू आलं. टक. टक.

पाक आला व्हता. भोवती माणसं दात खाऊन उभी, आन् तिचं ध्यान पाकाव! माझ्या हातात आकडी व्हती. मी ती हलवली न्हाई.

"धुळादा, वड!" ती वरडली. मी बसून. मंग तिनं आमच्या दोघांची हाक मारली, "साकु! धुळादा, साकु!"

तुमी म्हणाल का न्हाई वडलास रं? सांगतो, लाज सोडून सांगतो. माझ्या डोस्क्यात जाळ झाला व्हता. तीन वर्सं एका ताटात जेवलो. बायकोजवळ बी बोललो न्हाई ते हिच्याजवळ बोललो. समदं ऐकलं, आन् आपलं एक अक्षर मला सांगितलं न्हाई? मी परका? वरनं कुणीतरी खिदळलं, "आप्पा, ताटातली बाई वळखू आली न्हाई व्हय रं?" माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी म्हणलं, बस वरडत. चार श्वास मी माझ्या रागात बसलो. चारच. मंग करपल्याचा वास आला.

तिनं आन् कृष्णातदादाच्या दोन गड्यांनी काहील उतरवली, पर उतरवून काय? गूळ गार करायच्या वाफ्यात वतलं ते काळं ठिक्कर. "बघा!" तात्या म्हणला. "बाईचा हात!" जणू देवानंच साक्ष दिली. ती एकदाच बोलली, "मामा, तुमीच आमच्या उंबऱ्याव बसून माझ्या केसाव कातर चालवली की! तुमीच म्हणला, जोतीचं नाव घे!" तात्या म्हणला, "आता माझ्याव ढकलती बया." सगळी हसली.

कृष्णातदादा मातूर हसला न्हाई. शाणा माणूस. तो खड्ड्याच्या काठाव येऊन बसला. "धुळा, खरं सांग. इतकी वर्सं पाक कोण सांगत व्हतं? आन् आज जाळ का वडला न्हाईस?"

ती माझ्याकडं बघत व्हती. डोक्याचा टॉवेल सुटलेला, हातात अजून उलथणं. तिच्या डोळ्यात पाणी नव्हतं, तिला खात्री व्हती. आता धुळादा सांगणार. दोन टक सांगणार.

मी म्हणलं, "हाक तात्याच मारायचं, दादा. आन् आज गुळव्याची हाक नव्हती. हाकंबिगर जाळव्या काडी हलवत न्हाई."

एक शब्द खोटा न्हाई बघा त्यात. कोर्टात बी टिकंल. आन् त्याच्याएवढं खोटं मी जल्मात बोललो न्हाई.

तिनं उलथणं काहिलीला टेकवून ठेवलं, नीट, पडणार न्हाई आसं. आपलं गठुडं घेतलं आन् यष्टीच्या फाट्याकडं चालाय लागली. माझ्या खड्ड्याजवळ क्षणभर थांबली. "तुला ऐकू आलं व्हतं," एवढंच म्हणली. मी चिपाडं गोळा करत बसलो. भायेर काढायचा जाळ तर कवाच इझला व्हता.

पुढल्या सुगीपास्नं तात्यानं आपल्या लेकाला उभा केला. मी बी तिथंच ऱ्हायलो. कुठं जाणार? स्वतःला सांगायचो, तिनं फसवलं म्हणून मी तसं वागलो, फिट्टंफाट झाली. तात्याला बी ती फसवूनच आली असंल. आसं चार वर्सं सांगत ऱ्हायलो.

एकुणऐंशीच्या पावसाळ्यात तात्या अंथरुणाला खिळला. मी भेटाय गेलो. त्वांडाची चव गेली म्हणून कुरकुरत व्हता. बोलता बोलता हसला आन् म्हणला, "धुळ्या, पोरगी लय तयारीची व्हती बरं का. मीच निवडली. पोरगा भूकंपात मेलेला, चुलतभैन पोटासाठी रडत व्हती, मला डोळं पायजे व्हतं. म्हणलं, केस काप आन् धाड. मीच कापलं. बाई असली म्हंजे बरं असतं रं, पायजे तवर ठेवावं, नगं तवा एका शब्दात घालवता येतं. पोराला कसं घालवणार?"

वर डोळा मारला मला! जणू आमी दोघं एकाच कटातलं.

म्हण हाय न्हवं, कामापुरता मामा. हितं तर खराखुरा मामा, आन् काम त्याचं! सरलं तवा भाचीला उभं चिरलं. मी त्याच्या तोंडाव काय बोललो ते सांगण्याजोगं न्हाई. त्याच्या सुना भायेर धावत आल्या. तिथनं निघालो आन् रस्त्यानं मला कळलं की शिव्या मी तात्याला देतोय, पर आकडी माझ्या हातात व्हती. तात्यानं तिला पहिल्या दिसापास्नं फसवलं. तिला त्याची शंका नसंल असं बी न्हाई. पर माझ्याकडनं आण घेऊन तिनं माझ्याव इश्वास टाकला व्हता.

दिवाळीनंतर सुगीतली पहिली ढेप फडक्यात बांधली आन् कोयनानगर गाठलं. पाटणच्या पुढं घाटात यष्टी अशी वळणं घेती की जीव मुठीत. धरणाच्या कॉलनीच्या अलीकडं इचारत इचारत घर सापडलं. पत्र्याचं, भूकंपानंतर बांधलेलं. दारात तिची आई, रंगूबाई, तांदूळ निवडत बसली व्हती. मी नाव सांगितलं. तिनं सुपावरनं हात काढला न्हाई. "त्यो जाळव्या व्हय?" म्हणली. "ह्या उंबऱ्याव कापलं बघ केस. गुंडा म्हणला, तीन वर्सांत गुळव्या करून धाडतो. तीन वर्सं गड्यांच्यात ऱ्हायलेली पोरगी म्हणून आता कोण दारात येत न्हाई. कॉलनीत सायबांच्यात सैपाक करती."

तेवढ्यात अंजना आली. हिरवं लुगडं, वाढलेलं केस, हातात पिशवी. मी वळखलं न्हाई आधी, मंग चालीवरनं वळखलं. तिनं मला लगीच वळखलं. "बस," म्हणली.

मी ढेप पुढं ठेवली. तिनं फडकं सोडलं, बोटाच्या पेरानं ढेपंव वाजवलं, कान दिला. नखानं कड मोडली. खाल्ली न्हाई. "जाळ उशिरा वडलाय," म्हणली. "जाळव्या कोण?"

"मीच."

"हां." फडकं बांधून तिनं ढेप आईकडं सरकवली. रंगूबाई म्हणली, "कॉलनीतल्या कुणाला देऊन टाकते. आमच्यात गूळ न्हाई आणत ती. चा साखरंचा."

मंग मी बोललो. सगळं बोललो. दोन टक ऐकलं व्हतं, साकु ऐकलं व्हतं, पाक आलेला मला बी कळला व्हता, आन् मी मुद्दाम बसून ऱ्हायलो व्हतो. कृष्णातदादाला जाऊन सांगतो म्हणलं, अजून सांगतो, गावापुढं सांगतो. ती ऐकत व्हती. मधी एकदा तिचा हात काठ वाजवल्यागत गुडघ्याव हलला. मी म्हणलं, "अंजना, तुझं गुळव्यापण मी जाळलं."

"भाकरी खाऊन जा," ती म्हणली. "लांबनं आलाईस."

तांदळाची भाकरी, मिरचीचा ठेचा. मी खाली मान घालून खाल्लं. ती ताकाचं गाडगं घेऊन आली आन् माझ्या वाडग्यात वताय लागली. अर्धं झालं, भरत आलं. माझ्या तोंडातनं जुन्या सवयीनं गेलं, "साकु."

ती वतत ऱ्हायली.

ताक काठाला आलं, वाडग्याभायेर गेलं, माझ्या बोटाव, मनगटाव, धोतराव. मी हात आडवा धरला. "साकु, अंजना, साकु!" तिनं धार मोडली न्हाई. घाई न्हाई, राग न्हाई, एकसारखी धार, गाडगं रिकामं होईपतूर. भाकरी ताटात तरंगाय लागली. रंगूबाई सूप धरून बघत बसली.

मंग तिनं गाडगं खाली ठेवलं.

"ऐकू आलं मला," ती म्हणली. "पर गुळव्याची हाक नव्हती."

आन् पदराला हात पुसत आत गेली. मी वल्ल्या धोतरानं तसाच उठलो आन् कऱ्हाडच्या यष्टीत जाऊन बसलो.